पाटीवरचा आकडा

दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या टोपल्या लागल्या की माझी बोटं वळवळायला लागतात. वर्गात मी टेबलामागे उभी असते, दोन्ही हात टेबलाच्या दोन कडांवर, आणि बोटं आपली कडा दाबत असतात. डावं. थांब. उजवं. मागच्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलंच, "मॅडम, तुम्ही पेटी शिकताय का?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं सांगत बसले असते तर संभाव्यतेचं प्रकरण त्या तासाला पुढे सरकलं नसतं. शिवाय ते प्रकरण मला खऱ्या अर्थाने कुणी शिकवलं, हेही सांगावं लागलं असतं.

हे दिवसच तसे. पाऊस गेलेला असतो, पण जाताना थंडी ठेवून गेलेला नसतो. दुपारी डांबर तापतं, संध्याकाळी वारा पडतो, आणि घरोघरी माळ्यावरचे डबे खाली यायला लागतात. गंगापूरकडून कापसाच्या गाड्या सुरू होतात, गच्च भरलेल्या, ताडपत्रीबाहेर पोट काढलेल्या. त्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. बाभळीला कापूस लागलेला बघून नव्या माणसाला गंमत वाटते. मला मात्र तो दिसला की कानात घंटी वाजते, टण्ण, टण्ण, टणटणटण, आणि तिच्यामागून एक लोखंडी गोळी लाकडावरून घरंगळत खाली येते. आता बोट दाबायचं की नाही?

तीन वर्षांपूर्वी, दसरा दोन दिवसांवर असताना, मंगलआत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली, साठी ओलांडलेली, आणि लग्नापासून एकही हंगाम न चुकवता कापूस वेचत आलेली. एसटीतून उतरली तेव्हा एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सीताफळांचं गाठोडं आणि तोंडात तक्रार.

"कापूस बी पिकला आन मोतीबिंदू बी पिकला. दोघांनी एकच टाइम धरला बघ, वंदे."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, उन्हात जायचं नाही असं बजावलं. म्हणजे थोडक्यात, शेतात जायचं नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "ह्यो डाक्टर शहरातलाच दिसतोय."

त्याच परतीच्या वाटेवर शकीलभाईंचं दुकान लागलं. मुकुंदवाडीत, स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारे शकीलभाई. अनारशासाठी भिजवलेले तांदूळ वाटताना माझ्या मिक्सरने आदल्याच दिवशी राम म्हटला होता आणि तो मी रिक्षातच ठेवला होता. पाच मिनिटांत टाकू आणि जाऊ, असा बेत होता. शकीलभाईंनी मिक्सर उलटा केला, हुंगला, आणि "बैठो आपा, देखता हूँ" म्हणाले. बसायला स्टूल एकच होतं, त्यावर एक टेबलफॅन बसला होता. म्हणून आत्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या पेटीला टेकून उभी राहिली.

ती पेटी म्हणजे पिनबॉलचं मशीन. चार पायांवर उभं, वरून काच, खेळणाऱ्याकडे उतरतं. फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्या परदेशी लोकांसाठी कुणीतरी लॉज काढलं होतं, ते बंद पडल्यावर भंगारात निघालेलं. शकीलभाईंनी ते टेम्पोत घालून आणलं आणि वर्षभर रोज थोडं थोडं करत जिवंत केलं. मागच्या उभ्या काचेवरचं मूळ चित्र उडालं होतं, तिथे त्यांनी कॅलेंडरातला बीबी-का-मकबरा चिकटवला होता. गोळी चांगली लागली की मकबऱ्यामागे दिवा पेटायचा. दुरुस्तीसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाने कंटाळू नये म्हणून हे मशीन. फुकट.

खेळ साधा आहे. उजवीकडची स्प्रिंगची दांडी ओढून सोडायची, गोळी वर जाते, आणि वर जाऊन खाली यायला लागते. वाटेत गोल टोप्या असतात, त्यांना आपटली की टोप्या तिला उडवतात, घंटी वाजते, जुन्या रिक्षाच्या मीटरसारखे आकडे फिरतात. खाली दोन छोटी वल्ही असतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण, दाबलं की वल्हं उडतं आणि गोळी परत वर जाते. दोन वल्ह्यांच्या मधोमध फट. तिच्यातून गेली की गेली. अशा पाच गोळ्या. एवढंच. गोळीला खालीच यायचं आहे हे पहिल्यापासून ठरलेलं, आणि तरी माणूस जीव तोडून बटणं दाबतो.

"हे काय हाय?" आत्याने विचारलं. मी सांगितलं. तिने टोप्यांकडे बोट केलं. "ही बोंडं. आन ही खालची मोरी."

"खेलो आपा," शकीलभाई मिक्सरमध्ये डोकं घालून म्हणाले.

आत्याने काळ्या चष्म्यातून आत बघितलं. तिला काय दिसत होतं देव जाणे. दांडी तिने विहिरीचा दोर ओढावा तशी पूर्ण ओढली आणि सोडली, आणि पुढची दहा मिनिटं त्या दुकानात जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. घंटी थांबेचना. आत्या दोन्ही बटणं एकदम बडवत होती, गोळी खाली येत होती, वल्ह्याला नुसती चाटून वर जात होती, दोन टोप्यांच्या मध्ये अडकून तिथेच तडतडत होती. मोरीच्या तोंडाशी येऊन कडेला आपटत होती आणि माघारी फिरत होती. मकबऱ्याचा दिवा तर विझायलाच तयार नव्हता. शकीलभाई हातात मिक्सरचं भांडं घेऊन उठून आले. पाचवी गोळी मोरीत गेली तेव्हा आकडे एकाहत्तर हजार तीनशे चाळीसवर थांबले होते.

"या अल्ला," शकीलभाई म्हणाले. त्यांचा स्वतःचा सगळ्यात मोठा आकडा बावन्न हजार होता. भिंतीवर शाळेतली एक पाटी टांगलेली होती, तिच्यावरचं स्वतःचं नाव त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसलं आणि खडूने लिहिलं: आपा, ७१३४०. मग आत्याकडे वळून, अगदी मनापासून म्हणाले, "आपा, आपके हाथ में बरकत है."

आत्याचा हसरा चेहरा एकदम उतरला. मला ते दिसलं, कळलं नाही. मी आपली माझ्या विषयावर घसरले. "नवख्याचं नशीब असतं असं, आत्या. पहिल्या खेपेला कुणालाही लागतं. उद्या यातलं निम्मंसुद्धा होणार नाही, लिहून देते."

"व्हय?" आत्या म्हणाली. बस्स, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा झाल्यावर तिने पदर खोचला. "चल, मिक्सर आणाया." मिक्सर त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळणार होता, हे तिलाही माहीत होतं. दुकानात गेल्या गेल्या ती मशीनपुढे उभी राहिली आणि पाच गोळ्या पाच मिनिटांत मोरीत गेल्या. चार हजार दोनशे. माझा अंदाज बरोबर आला होता आणि खोटं कशाला बोला, मला बरं वाटलं होतं. फार चांगल्या दिवसानंतर बहुधा साधा दिवस येतो, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. नियम पक्का आहे. त्या साध्या दिवसांत ज्याला राहायचं असतं त्याचं काय होतं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिक्सर घरी आला. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "चल."

"आता काय दुरुस्त करायचंय?"

"मला," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. आत्याच्या सुनेचा, रुपालीचा. त्यांच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही असते. बांधावर पाच खडे मांडायचे, दहीभात ठेवायचा, पाया पडायचं, आणि मग घरातल्या एका बाईने पहिली बोंडं वेचायची. त्या घरात ती बाई बहुतेक वर्षी आत्याच असायची. फोन स्पीकरवर होता, रुपालीचा आवाज बारीक झालेला.

"आई, सगळे म्हणत्यात औंदा तूच हात लाव. मला लई भ्या वाटतंय. माझा हात नाय लागला तर?"

आत्याने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "वेच. स्वच्छ वेच. बाकीचं मी आल्यावर बघती."

फोन ठेवून ती वाती वळायला बसली. दिवाळीच्या वाती. मी समोर बसून तिचे हात बघत होते. डावा हात सरकीतून कापूस सोडवत होता, उजवा वळत होता, आणि नजर दोन्हीकडे नव्हती. बोलताना तिने वर बघितलं नाही.

"लगीन होऊन आली त्या साली पहिली वेचणी माझ्या हातानं केली. सासूबाई म्हणाल्या, नवी नवरी हाय, लावू दे हात. त्या साली कापूस असा आला, असा आला, की घरात ठेवाया जागा नव्हती. झालं. सगळ्या गावात, मंगलचा हात गुणाचा. मंग दर साली मीच. शेजारच्या शेतातनं बी बोलवायचे, ये ग बाई, हात लावून जा."

"मग चांगलंच की, आत्या."

"ऐक तर. पुढं एक साल अळी पडली. सगळ्यांच्याच रानात पडली, पर आमच्या घरात म्हणले, मंगलचा हात उतरला. दोन साली पहिल्या वेचणीला मला बांधावर बशीवलं. मंग परत चांगलं साल आलं तर परत हात चढला." एक वात तिने ताटात ठेवली. "वंदे, मी दिसाला दोन बायांचं वेचायची. कापसात पत्ती नाय, काडी नाय. बोटं सोलायची बोंडाच्या नखांनी. एवढ्या वर्सात कुणी एकदा म्हणलं नाय, मंगल चांगली वेचती. हाताचा गुण म्हणले. मंजी मी कुठं हाय त्यात?"

मला माझं "लिहून देते" आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली.

"त्यो एकाहत्तर हजार बी तसलाच," आत्या म्हणाली. "मला दिसत बी नव्हतं. त्यो पाटीवर हाय तवर मला झोप यायची नाय. गावाला जायच्या आत मला माझा आकडा पायजे."

तेव्हा कुठे मला कळलं की आम्ही रोज दुपारी कशासाठी चाललो होतो. मी बी.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवलेली बाई, मला हे कळायला ताटभर वाती लागल्या.

पुढचे दिवस आठवतात ते आवाजांनी आणि वासांनी. दुकानात तापलेल्या तांब्याच्या तारेचा वास, बाहेर कुणाच्या तरी कढईतल्या चकल्यांचा. दुपारची रेल्वे गेली की पाटी भिंतीवर टकटक वाजायची. आत्याच्या गोळ्या मोरीत जायच्या. पाच हजार. साडेतीन. सहा. मीही खेळायचे, माझी मजल एकोणीस हजारांच्या पुढे कधी गेली नाही, आणि त्यावर मी तिला शिकवत होते. गोळी जवळ आली की दाब, दोन्ही दाब, जोरात दाब. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं असंच शिकवतात.

एका दुपारी ती मध्येच थांबली. गोळी मोरीत जाऊ दिली. बटणांवरचे हात उचलून समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"दोन्ही एकदम कशाला दाबू?" ती म्हणाली. "वेचताना कुठं दोन्ही हात एका बोंडाला लावती मी? डावा ह्या बोंडाला, उजवा त्या बोंडाला, आन डोळा तिसऱ्यावर. दोन्ही हात एका जागी गेले की मधी मोरी उघडी पडती बघ."

आणि खरंच. दोन्ही वल्ही एकदम उडली की मधली फट मोठी होते. मी इतके दिवस त्या पेटीपुढे उभी होते, मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून आत्या एका वेळी एकच बटण दाबायला लागली. तिचा डावा हात डावखुऱ्या माणसाच्या हातासारखा चपळ होता. अकरा हजार. चौदा. शकीलभाईंनी पेचकस खाली ठेवला आणि स्टुलावरचा टेबलफॅन जमिनीवर ठेवून स्वतः तिथे बसून बघायला लागले.

मग तिने गोळी पकडायला सुरुवात केली. वल्हं उडवून ते तसंच वर धरून ठेवायचं, बटण सोडायचं नाही. गोळी येते, वल्ह्याच्या कुशीत विसावते आणि थांबते. एवढ्या तडतडीत एकदम शांतता. घंटी बंद, आकडे बंद, आत्या श्वास घेते आहे. मग बटण हलकेच सोडायचं, गोळी वल्ह्यावरून टोकाकडे घरंगळते, आणि ती टोकाला पोहोचली की टप्प! हव्या त्या टोपीवर. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या पडणाऱ्या, पळणाऱ्या, कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या गोळीला या बाईने बसवलं होतं, दमलेल्या वासराला बसवावं तसं. तेवीस हजार झाले. मी टाळ्या वाजवल्या. आत्याने वळून बघितलं नाही, तिची नजर पुढच्या गोळीवर होती.

दर चांगल्या गोष्टीला एक खोट असते. सत्तावीस हजारांवर असताना गोळी मोरीकडे निघाली आणि आत्याने पेटीलाच धक्का दिला, चांगला कमरेने. मशीनमधले सगळे दिवे एकदम गेले. मकबरा अंधारात. वल्ही मेलेली, बटणं मेलेली, गोळी आरामात मोरीत.

"काय झालं?"

"रूठ गई," शकीलभाई हसत म्हणाले. "ज्यादा धक्का नक्को, आपा. हल्लू. उसको मालूम भी नहीं पड़ना."

आत्या ओशाळली. मग म्हशीला गोठ्यात शिरवताना कोपराने नुसती खूण करतात, तसा तिने दुसऱ्या दिवशी पेटीला कोपर लावला. गोळी मोरीच्या काठावर आली, केसभर सरकली आणि वल्ह्यावर उतरली. शकीलभाई म्हणाले, "हौ! बस्स, इत्ताच." त्यांनी वर्षभर खपून जोडलेल्या त्या यंत्राला इतकं जपून हात लावणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांच्या आवाजात ते कळत होतं.

पण मला खरं थक्क केलं ते त्यापुढच्या गोष्टीने. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी गोळी वेगाने डाव्या वल्ह्यावर येत होती. मी मनात ओरडले, दाब! आत्याने दाबलं नाही. बटणावर बोट तसंच, हललंही नाही. गोळी त्या स्थिर वल्ह्यावर आपटली आणि आपसूक उडून अलगद उजव्या वल्ह्यावर जाऊन बसली. उजवं वर होतं, तिची वाटच बघत असल्यासारखं. मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. काळा चष्मा एव्हाना गेला होता. ऑपरेशन झालेला डोळा लख्ख उघडा, ओठ मिटलेले, कपाळावर घामाचा एक थेंब.

"दाबलं का नाहीस?" मी नंतर विचारलं.

"ती येतच हुती की नीट. मंग मी कशाला मधी पडू?"

मी बावीस वर्षं शिकवते आहे. न दाबणं हीसुद्धा एक चाल असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं चुकायच्या आत मी उत्तर सांगून मोकळी होते, भाजीवाल्याचं वाक्य मी पूर्ण करते, नवऱ्याचं तर सुरूही होऊ देत नाही. त्या रात्री स्वयंपाक करताना मी तीन वेळा स्वतःला गप्प केलं. चौथ्यांदा जमलं नाही.

भाऊबीज झाली. महिना भरत आला. दुसरी वेचणी तोंडावर होती आणि आत्याची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. उद्या सकाळची एसटी. ती शेवटची दुपार. तिचा आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा अडतीस हजार होता, आणि पाटीवर एकाहत्तर.

त्या दुपारी ती खेळली, ते मी लिहू शकत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. काही अडकलं नाही, तडतडलं नाही, चमत्कार झाला नाही. गोळी वर जायची, खाली यायची, आत्या तिला धरायची, थांबायची, सोडायची. डावं. थांब. उजवं. सकाळच्या उन्हात एखादी बाई कापसाच्या एका ओळीने, आपल्या तासाने, वेचत पुढे सरकावी, मागे बोंडं मोकळी होत जावीत, तशी ती सरकत होती. एका मिक्सरसाठी आलेला माणूस मिक्सर मिळाल्यावरही उभा राहिला. पहिल्या दिवशी आम्ही घंटीकडे बघत होतो. आज तिघंही आत्याच्या हातांकडे बघत होतो. मला त्या वेळी रडू येत होतं, आणि कुणी कारण विचारलं असतं तर मी पेटीकडे बोट दाखवलं असतं.

पाचवी गोळी गेली. सेहेचाळीस हजार दोनशे दहा.

शकीलभाईंनी पाटीकडे बघितलं, मग आत्याकडे. "बहुत अच्छा खेले, आपा. लेकिन रिकार्ड तो..."

आत्याने पाण्याच्या ग्लासात पदराचं टोक बुडवलं, भिंतीपाशी गेली आणि पाटी पुसली. स्वच्छ, कोपऱ्यापर्यंत.

"अरे, कैको मिटाते?" शकीलभाई उठलेच. "तुम्हाराच था ना वो!"

"माझा नव्हता, भाऊ. त्यो आला व्हता," आत्या म्हणाली. "ह्यो म्या आणलाय."

तिने त्यांच्याकडे खडू मागितला. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, वळण जुनं. आपा लिहिलं नाही. लिहिलं: मंगल, ४६२१०. मागे सरकून बघितलं. बावन्न हजारांचे शकीलभाई आता परत पहिले होते, पण त्यांनी स्वतःचं नाव पाटीवर घातलं नाही, आजतागायत घातलेलं नाही. लोक विचारतात. ते म्हणतात, "वो आपा का है, मेहनत का है," आणि पेचकस हातात घेतात.

आत्या गेल्यावर चार दिवसांनी रुपालीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती कळेना. आत्याने घरी पोहोचल्या पोहोचल्या पहिल्या वेचणीचं गाठोडं सोडायला लावलं होतं. सासरे, दीर, शेजारच्या बाया, सगळे बसलेले. आत्याने मूठभर कापूस उजेडात धरला, उलटापालटा केला.

"आन काय म्हणाल्या ठाऊक हाय का, ताई? म्हणाल्या, पत्ती नाय, काडी नाय. रुपाली चांगली वेचती." पलीकडे तिने नाक ओढलं. "सगळ्यांच्या म्होरं म्हणाल्या."

त्या साली कापूस बेताचाच आला. हात कुणाचा होता, हे कुणी काढलं नाही म्हणे.

यंदा सीताफळं लागली तशी मी रजा टाकली आणि सीतादहीला गेले. पन्नाशी जवळ आली, आत्याचं रान मी वेचणीच्या दिवसांत कधी बघितलं नव्हतं. बांधावर पाच खडे, दहीभात, वर पांढरं ऊन आणि समोर नजर पुरेल तोवर फुटलेली बोंडं. पाया पडून झालं. पहिला हात कुणाचा, याची मी वाट बघत होते. आत्याने पदर खोचला आणि म्हणाली, "चला, लागा," आणि सगळ्या बाया आपापल्या तासात एकदम वाकल्या. मलाही रुपालीने कमरेला ओटी बांधून दिली.

मी पहिल्या बोंडाला हात घातला. काय झालं कोण जाणे, पाचही पाकळ्यांचा कापूस एका झटक्यात, अखंड, काडी न लागता माझ्या हातात आला. फुगलेला, गरम, सशासारखा. दुसऱ्या बोंडाचाही तसाच. शेजारच्या तासातली बाई कौतुकाने ओरडली, "अगं बया, मास्तरणीचा हात बघा! गुणाचा हाय!"

मी हरखून आत्याकडे बघितलं. ती चार ओळी पलीकडे होती. डावा हात एका बोंडात, उजवा दुसऱ्यात, नजर तिसऱ्यावर. तिने माझ्या मुठीतला कापूस लांबूनच बघितला.

"आज आलाय," ती म्हणाली. "उद्या बी ये. मंग सांगती."

दहा मिनिटांत माझ्या बोटांतून रक्त आलं आणि ओटीत कापसापेक्षा पत्ती जास्त झाली. जेवणाच्या सुट्टीत मी बांधावर बसून कॉलेजात फोन केला आणि चार दिवसांची रजा वाढवून घेतली.